दाबाचा ऑक्सिजन : कुणासाठी औषध, कुणासाठी नुसती आशा

  

आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, एका ताईंच्या फोनवरून तो आला. ताई आपल्या माण तालुक्यातल्याच एका वाडीतल्या. त्यांचा मुलगा सहा वर्षांचा. जन्मला तेव्हा लवकर रडला नाही. वर्षाचा झाला तरी मान धरेना, बसेना. डॉक्टरांनी सांगितलं, सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे वाढत्या मेंदूला जन्माच्या आगेमागे इजा झाली आणि त्यामुळे हातापायांवर नीट ताबा राहिला नाही. परवा कुणा नातेवाइकानं त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. काचेच्या नळकांड्यात मूल झोपलंय, आत ऑक्सिजन सोडलाय, आणि खाली लिहिलंय की मेंदू पुन्हा जागा होतो. ताईंनी चौकशी केली. चाळीस बैठका लागतील, एका बैठकीला काही हजार रुपये, आणि दोन महिने शहरात राहावं लागेल. घरात ठरत आलंय की शेरडं विकायची, उरलेले पैसे दागिने गहाण ठेवून उभे करायचे. ताईंनी आम्हाला एवढंच विचारलं, "ताई, करू का?"

असं फोनवर पटकन हो किंवा नाही म्हणणं बरोबर नव्हतं. आम्ही थोडा वेळ मागून घेतला. वाचलं, जाणकारांना विचारलं. जे कळलं ते आज सगळ्यांनाच सांगतोय, कारण हा प्रश्न एका घरातला नाही. कुणाच्या सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलेलं असतं, कुणाचं मूल स्वमग्न असतं, कुणाला अपघातात डोक्याला मार लागलेला असतो. अशा प्रत्येक घरापर्यंत हा व्हिडिओ आज ना उद्या पोचणार आहे.

हे असतं तरी काय?

याला म्हणतात हायपरबॅरिक ऑक्सिजन उपचार. सोप्या भाषेत, दाबाखाली दिलेला ऑक्सिजन. आपल्या भोवतीच्या हवेत ऑक्सिजन असतो पाचातला एक भाग. या उपचारात रुग्णाला बंद कोठडीत किंवा नळकांड्यात ठेवतात. आतला दाब बाहेरच्या दीडपट ते तिप्पट करतात आणि श्वासाला शुद्ध ऑक्सिजन देतात. एक बैठक साधारण तास-दीड तासाची असते.

दाब कशाला हवा? सिद्धनाथाच्या यात्रेत आपण सोड्याची बाटली घेतो. बाटली बंद असते तोवर गॅस पाण्यात मुरलेला असतो, दिसत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि बुडबुडे फसफसून वर येतात. म्हणजे दाब असेल तर पाण्यात जास्त वायू मुरतो. रक्ताचंही तसंच आहे. एरवी ऑक्सिजन वाहून नेण्याचं काम तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन करतं. रक्तातल्या पाण्यात ऑक्सिजन मुरतो अगदी थोडा, 100 मिलिलिटर रक्तात 0.3 मिलिलिटर. पण तिप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिला की हेच प्रमाण सहा मिलिलिटरच्या आसपास जातं. हिमोग्लोबिन कामाचं राहिलं नसेल तरी शरीराला काही काळ ऑक्सिजन पुरतो.

तर यंत्र खरं आहे, त्यामागचं शास्त्रही खरं आहे. कुणी याला जादूटोणा म्हणत असेल तर तेही चूक. विचारायचं ते एवढंच की कोणत्या आजाराला?

जिथं याचा खरा उपयोग होतो

पहिली माणसं म्हणजे पाणबुडे. समुद्रात खोल गेलं की दर 33 फुटांना हवेइतका एक दाब वाढतो आणि हवेतला नायट्रोजन रक्तात मुरत जातो. पाणबुड्या घाईनं वर आला की सोड्याच्या बाटलीसारखेच बुडबुडे रक्तात होतात. ते मज्जारज्जूत किंवा मेंदूत अडकले तर माणूस लुळा पडू शकतो. त्याला पुन्हा दाबाच्या कोठडीत घालून हळूहळू दाब उतरवणं हाच उपाय आहे. म्हणून मुंबईत कुलाब्याला नौदलाचं आयएनएचएस अश्विनी रुग्णालय आहे, तिथं ही विद्या जुनी आहे. आपल्या कोकणात तारकर्ली-मालवणला आता किती लोक बुडी मारायला जातात! त्यांच्यासाठी ही माहिती कामाची आहे.

दुसरं कारण मात्र थेट आपल्या घरातलं आहे. कोळशाचा धूर. खरं म्हणजे धुरातला तो वायू, ज्याला ना वास ना रंग : कार्बन मोनॉक्साइड. जळण अर्धवट जळलं की तो तयार होतो. आटपाडी, खानापूर, खटाव, माण या भागातली कितीतरी कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. गलाईची भट्टी, छोटी खोली, आणि पुष्कळदा तिथंच झोपणं. थंडीत दार-खिडक्या लावून शेगडी पेटवून झोपणारी माणसं आहेत. शहरात बंद न्हाणीघरातला गॅस गीझर आहे. आणि विहिरीत खाली उतरवून चालवलेलं डिझेल इंजिन आहे. या सगळ्या ठिकाणी हा वायू साचतो.

हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. एसटीतली सगळी आसनं दुसऱ्याच कुणी अडवून बसावं आणि आपला प्रवासी फलाटावरच राहावा, तसं होतं. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, झोप येते. एकाच घरातल्या सगळ्यांना एकदम असं होऊ लागलं तर विषबाधा जेवणातून झाली असं समजून बसू नका, आधी हवा बघा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास. दाबाच्या कोठडीत वीस-तीस मिनिटं.

यात आणखी एक धोका आहे. माणूस वाचून घरी येतो आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, विसरायला लागतो, चालणं बिघडतं, स्वभाव बदलतो. मेंदूला बसलेला मार उशिरा दिसतो. अमेरिकेत 152 रुग्णांवर एक चाचणी झाली, ती 2002 मध्ये छापून आली. दाबाखाली ऑक्सिजन मिळालेल्यांत सहा आठवड्यांनी स्मरणाचा-विचाराचा त्रास 100 पैकी 25 जणांना होता, नुसत्या साध्या दाबाचा ऑक्सिजन मिळालेल्यांत 46 जणांना. ऑस्ट्रेलियातल्या त्याआधीच्या एका चाचणीत फायदा दिसला नव्हता, त्यामुळे डॉक्टरांत अजून चर्चा आहे. पण बेशुद्ध पडलेला रुग्ण किंवा गरोदर बाई असेल तर डॉक्टर याचा विचार करतात.

म्हणून लक्षात ठेवा. असा माणूस सापडला की दार-खिडक्या उघडा, त्याला उघड्यावर आणा, 108 ला फोन करा. दवाखान्यात पोचल्यावर सांगा की खोलीत कोळसा किंवा गीझर चालू होता, आणि मास्कनं ऑक्सिजन लगेच सुरू करायला सांगा. बोटाला लावायचं ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र इथं फसवतं. त्याला हा वायू आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही, ते 98 दाखवतं आणि माणूस गुदमरत असतो. आणि विहिरीत कुणी पडलं असेल तर त्याच्यामागं तसंच उतरू नका. एकाच्या मागं तिघं जातात, असं आपण ऐकत आलोय.

याशिवाय हवेचा बुडबुडा रक्तात शिरणं, मेंदूतलं गळू, किरणोपचारानंतर न भरणारी जखम, मधुमेहातल्या पायाच्या काही हट्टी जखमा, अचानक आलेला बहिरेपणा, अशा काही ठिकाणी हा उपचार मान्य आहे. यादी ठरलेली आहे आणि छोटी आहे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, जुना पक्षाघात त्या यादीत नाहीत.

मग त्या मुलांना फरक पडला तो कसा?

ताईंनी आम्हाला हेच विचारलं. "व्हिडिओतली आई खोटं बोलते का?" नाही. ती खोटं बोलत नाही. नीट समजून घ्यायचं ते इथंच.

कॅनडात सेरेब्रल पाल्सी असलेल्या 111 मुलांवर एक मोठी चाचणी झाली, 2001 मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. मुलं तीन ते बारा वर्षांची. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला पावणेदोनपट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिला. दुसऱ्या गटालाही तशाच कोठडीत बसवलं, पण दाब जेमतेम वाढवला आणि दिली साधी हवा. कोणाला काय मिळतंय हे आईवडलांना माहीत नव्हतं, तपासणाऱ्यांनाही नव्हतं. दोन महिन्यांत चाळीस बैठका झाल्या.

निष्कर्ष काय आला? दोन्ही गटांतली मुलं सुधारली. बसणं, उभं राहणं, बोलणं, लक्ष देणं यांत फरक पडला. आणि तो दोन्ही गटांत सारखाच होता. ऑक्सिजन मिळालेल्या मुलांना जास्तीचा फायदा झाला नाही. जास्त झाला तो कानाचा त्रास.

कुणी म्हणालं, कदाचित थोडासा वाढलेला दाबही औषधासारखा लागला असेल. त्यावर अमेरिकेत दुसरी चाचणी झाली, 2012 मध्ये ती छापून आली. यात 49 मुलं होती. दोन्ही गटांना दीडपट दाब, पण दुसऱ्या गटाच्या हवेतला ऑक्सिजन इतका कमी केला की शरीराला बाहेरच्या साध्या हवेइतकाच मिळावा. पुन्हा तेच. दोन्ही गटांत फरक नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण पुढं नेऊन काही हाती लागणार नव्हतं.

मग सुधारणा कशानं झाली? विचार करा. दोन महिने आई रोज त्या मुलाजवळ आहे. शेत नाही, धुणं नाही, जनावरं नाहीत. रोज तासभर मूल तिच्याजवळ पडून आहे, ती गोष्टी सांगतेय. रोज नवी माणसं भेटतात, इतर मुलं दिसतात. मूल दोन महिन्यांनी मोठंही झालेलं असतं. आणि आपण आशेनं बघायला लागलो की एरवी नजरेतून सुटलेली गोष्ट दिसायला लागते. ही सुधारणा खरीच होती. तिचं श्रेय मात्र नळकांड्याला गेलं, आईच्या वेळेला नाही.

पक्षाघाताचंही ऐका. रक्ताची गाठ अडकून मेंदूचा जो भाग मेला, तो ऑक्सिजननं उठत नाही. पाणी वेळेत मिळालं नाही म्हणून वाळलेल्या ज्वारीला नंतर कितीही पाट सोडला तरी कणसं भरत नाहीत. नुकत्याच झालेल्या पक्षाघातावरच्या 11 चाचण्या, एकूण 705 रुग्ण, तज्ज्ञांनी 2014 मध्ये एकत्र तपासल्या. ठोस फायदा सिद्ध झाला नाही. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी 2013 मध्ये जुन्या पक्षाघाताच्या 74 रुग्णांवरचा अभ्यास छापला, त्यात फायदा दिसला म्हणतात. व्हिडिओंत बहुतेक वेळा याचाच दाखला असतो. पण तिथं तुलनेच्या गटाला खोट्या कोठडीतही बसवलं नव्हतं, काहीच दिलं नव्हतं. कॅनडातल्या मुलांनी आपल्याला जे शिकवलं, ते इथं तपासलंच गेलं नाही. संशोधन चालू राहावं, पुढं काही निघालं तर आम्हीच आनंदानं सांगू. पण संशोधन चालू असलेल्या गोष्टीचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.

स्वमग्नतेच्या बाबतीतही पुरावा मिळालेला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 2013 मध्येच लोकांना जाहीर सावध केलं होतं की सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, पक्षाघात अशा आजारांवर हा उपचार मान्य केलेला नाही, भुलू नका.

"करून बघायला काय जातं?"

घरोघरी हेच म्हणतात. जातं ते मोजूया.

घाट उतरताना कानात दडे बसतात ना, तसे इथं बसतात, जास्त जोरानं. मोठं माणूस आवंढा गिळून दडे सोडवतं. बोलता न येणाऱ्या लेकरानं काय करायचं? पडदा फाटू शकतो. जास्त दाबाचा ऑक्सिजन मेंदूला झोंबतो आणि आकडी येऊ शकते, आणि सेरेब्रल पाल्सीच्या पुष्कळ मुलांना आकडीचा त्रास आधीच असतो. मधुमेह असलेल्याची साखर एकदम उतरू शकते. फुप्फुसातून हवा गळत असेल तर हा उपचार जिवावर बेततो.

आणि आग. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगी पडली की विझवायला वेळ मिळत नाही. इटलीत मिलान शहरात 1997 मध्ये अशा कोठडीला आग लागून 11 जण गेले. अमेरिकेत मिशिगन राज्यात 2025 च्या जानेवारीत पाच वर्षांचा मुलगा आत असतानाच आग लागून दगावला. म्हणून चांगल्या ठिकाणी डोक्याला तेल, अंगाला व्हॅसलिन, नायलॉनचे कपडे, मोबाइल, बॅटरीचं खेळणं यांतलं काहीही आत नेऊ देत नाहीत. फक्त सुती कपडे. आपल्याकडं तर लेकराला तेल लावल्याशिवाय बाहेर काढत नाही आपण! हे कुणी विचारलंच नाही, तर समजा की ती जागा धड नाही.

शेवटी पैसा आणि वेळ. शेरडं गेली की वर्षाचा हातखर्च गेला. आणि दोन महिने मुलाचा चालू असलेला व्यायाम थांबला तर त्याचे स्नायू आखडतात, ते सैल करायला पुन्हा कितीतरी महिने जातात.

तरीही कुणी जायचंच ठरवलं, तर आधी हे विचारा. माझ्या मुलाचा आजार या उपचाराच्या मान्य यादीत आहे का? असेल तर कागदावर लिहून द्या. कोठडीजवळ पूर्ण वेळ डॉक्टर कोण असतात आणि त्यांचं शिक्षण काय? आकडी आली तर काय करणार? आग लागली तर काय करणार? आणि चाळीस बैठकांचे पैसे एकदम कशाला, दहानंतर फरक नसेल तर बाकीचे परत का? ज्याचं काम सरळ आहे तो या प्रश्नांनी चिडत नाही.

त्यापेक्षा काय करायचं?

मुलांसाठी आधी अंगणवाडीताई आणि आशाताईंना गाठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं आणि पुढं जिल्ह्याला पाठवतं. जिल्ह्याच्या पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथं व्यायाम, बोलणं, ऐकणं, बघणं यांची तपासणी आणि मदत मोफत मिळते. जेवढं लवकर, तेवढं बरं. लहान मेंदू शिकाऊ असतो, एका वाटेनं जमलं नाही तर दुसरी वाट काढतो, पण त्यासाठी त्याला रोज सराव लागतो. बसवायचं कसं, भरवायचं कसं, पाय आखडू नयेत म्हणून काय करायचं, हे थेरपिस्टकडून एकदा हात धरून शिकून घ्या आणि रोज घरी करा. आकडीचं औषध मनानं बंद करू नका.

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे, त्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, पार्किन्सन हे सगळे त्यात आहेत. वैश्विक ओळखपत्र काढून घ्या. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची. नेहमीच्या थेरपीचा खर्चही त्यात बसतो. हे पैसे मागायला लाजायचं नाही, हक्काचे आहेत.

आणि पक्षाघातासाठी घड्याळ हाच उपाय. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं बोबडं झालं, यांतलं एक जरी दिसलं तरी 108. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आधी डोक्याचा सीटी स्कॅन लागतो. म्हसवडहून, दहिवडीहून मोठ्या दवाखान्यापर्यंतची वाट त्यातच धरायची आहे. नाडी बघणारा, तेल चोळणारा, देवऋषी यांच्याकडं गेलेला एकेक तास परत मिळत नाही. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, ती वेळ डॉक्टरांना सांगा.

आमच्या ताईंचा गेल्या आठवड्यात परत फोन आला. हे सगळं आम्ही त्यांना आधीच सांगितलं होतं. शेरडं विकली नाहीत. निरामयचा अर्ज आशाताईंनी भरून दिलाय. पण त्या म्हणाल्या, "मन खातं ओ. आईनं काहीतरी करायचं बाकी ठेवलं, असं वाटत राहतं."

ताई, तुम्ही काही बाकी ठेवलेलं नाही. रोज दोन वेळा त्याचे पाय ताणता, त्याला मांडीवर टेकून बसवून भाकरी भरवता, त्याच्याशी बोलता. कॅनडातल्या त्या 111 मुलांत ज्यानं फरक पडला असेल, ते हेच. ते तुम्ही आधीपासून करताय, बिनपैशाचं.

मैत्रिणींनो, असा व्हिडिओ तुमच्याकडं आला तर पुढं ढकलण्याआधी आम्हाला फोन करा. आपण मिळून चौकशी करू. पुढच्या वेळी आकडी या विषयावर बोलू : आकडी आल्यावर कांदा-चप्पल हुंगवायची का, आणि मुलीच्या लग्नात ती लपवायची का. तोवर नमस्कार.